धाकटीत बिघाड नव्हता

उमरग्यात कॉलेजसाठी खोली घेतली तेव्हा घरमालकांनी माझी पहिली सही घेतली ती खोलीसाठी नव्हे, विळीसाठी.

"एक विळी. पातं सरळ, पाट शाबूत, खवणीचा एक दात वाकडा," असं मोठ्यानं म्हणत त्यांनी ते वहीत लिहिलं, खाली स्वतःची सही ठोकली आणि वही माझ्यापुढं सरकवली. "बघून घे. पटलं तर सही कर. न्हाय पटलं तर आत्ताच बोल. सही झाली की जिम्मेदारी तुझी."

माझे बापू शेजारी उभे होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली, त्यामुळं तालुक्याला खोल्या अशाच देत असतील असं त्यांना वाटलं. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "कर की सही. कॉलेजला चाललीस न्हवं?" मी विळी उलटीपालटी करून बघितली, तो वाकडा दात बोटानं चाचपला आणि सही केली. कॉलेजच्या प्रवेश अर्जावर केली होती त्यापेक्षा झोकात आली.

घरमालक मूळचे मुरूमचे. तरुणपणी हवाई दलात भरती झाले, लढाऊ विमानांच्या एका स्क्वाड्रनमध्ये मेकॅनिक होते, एकाहत्तरची लढाई त्यांनी तिथं काढली आणि सार्जंट होऊन घरी आले. गल्लीत त्यांना सगळे सार्जंटच म्हणत. मी पहिल्या आठवड्यात अदबीनं "साहेब" म्हटलं तर वळून बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा म्हणाले, "साहेब उडतेत. आमी उडवतो. मला सार्जंट म्हन."

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. अव्वांचं माहेर सीमेपलीकडं, कर्नाटकात. त्या मराठीत प्रेम करायच्या आणि कानडीत भांडायच्या. त्यामुळं सार्जंटांना कानडी फार चांगली येत होती.

अव्वांचं स्वयंपाकघर बघायला गल्लीतल्या बायका पाहुण्यांना घेऊन यायच्या. तिथली एक अख्खी भिंत पांढरी होती आणि तिच्यावर गेरूनं प्रत्येक वस्तूचा आकार काढलेला होता. पळीच्या जागी पळीचा, झाऱ्याच्या जागी झाऱ्याचा, लाटण्याचा, उलथन्याचा, सांडशीचा, किसणीचा. खाली एका रांगेत चमच्यांचे आकार, आणि त्या रांगेला मात्र लाल रंगाची दुहेरी चौकट. प्रत्येक आकारावर एक खिळा. काम झालं की वस्तू आपल्या आकारावर जायची. भिंतीवर नुसता गेरू दिसला म्हणजे काहीतरी बाहेर आहे. आणि बाहेर असलं की ते सापडेपर्यंत घरातलं कुणी बाहेर पडायचं नाही.

"विमानाच्या कारखान्यात असंच असतंय," ते सांगायचे. "हत्यारांचा फळा. काम झालं की फळा भरला पायजे. एक जरी जागा रिकामी दिसली तर विमान हलत न्हाय."

"माझा तवा उडतोय व्हय?" अव्वा आतून विचारायच्या.

एकदा त्यांच्या पुतणीला बघायला लातूरकडचे पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला, मुलगी पसंत पडल्यासारखी वाटत होती, पाहुणे निघायला उठले आणि सार्जंट स्वयंपाकघरातून बाहेर आले. त्यांनी बाहेरच्या दाराला कडी घातली.

"बसा. सांडशी न्हाय."

पाहुण्यांना वाटलं ही काहीतरी इकडची रीत असेल. ते बसले. घरभर शोधाशोध सुरू झाली. मी पलंगाखाली, पुतणी माळ्यावर, आणि नवरा मुलगा इस्त्रीच्या शर्टात पाण्याच्या टाकीत वाकून. शेवटी त्याच्या आईचा धीर सुटला. "सांडशीच हाय न्हवं? का सोन्याची हाय?"

"सोन्याची असती तर सोडली असती," सार्जंट म्हणाले. "सोनं चोर नेतो. लोखंड कुणी चोरत न्हाय. म्हंजे ते कुनीतरी इसरलंय. चोरलेल्यापेक्षा इसरलेली वस्तू लई वाईट, बाई. चोरलेली निदान कुनाच्या तरी हातात असती."

सांडशी सापडली ती त्या बाईंच्याच पिशवीत. अव्वांनी तव्यावरच्या गरम शेंगापोळ्या सांडशीनं उचलून बांधून दिल्या होत्या आणि घाईत सांडशीपण बांधली होती. अव्वा तोंडाला पदर लावून चुलीकडं पळाल्या. मुलाचे वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. "जमलं!" ते म्हणाले. "ज्या घरात सांडशी हरवू देत न्हायत, तिथली लेक आमच्याकडं काय हरवू देती!" लग्न झालं. रुखवतात सार्जंटांनी एक पांढरा फळा दिला, गेरूनं काढलेल्या आकारांसकट.

बाहेरही तसंच. तुळजापूरला जायला ते काळीपिवळी जीप धरायचे, आणि चढण्याआधी तिच्याभोवती उजवीकडून एक फेरी घालायचे. चाकांना लाथ, दिव्यांना टिचकी, वाकून खालून नजर. आत दाटीवाटीनं बसलेली माणसं घामानं चिंब. ड्रायव्हर ओरडायचा, "आजोबा, प्रदक्षिणा तुळजापुरात घाला, हितं न्हाय!" सार्जंट शांतपणे विचारायचे, "काल रातच्या ड्रायव्हरनं काय लिहून ठेवलंय?" आता काळीपिवळीचा ड्रायव्हर काय लिहून ठेवणार! पण एकदा त्यांना मागच्या चाकाचे दोन नट हातानं फिरतील इतके ढिले सापडले. त्या दिवसापासून तो ड्रायव्हर त्यांची फेरी झाल्याशिवाय स्टार्टर मारत नसे. ते नसले तर स्वतःच जीपभोवती फिरायचा आणि लाजून इकडंतिकडं बघायचा.

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा त्यांच्या हातानं. हेडमास्तर दरवर्षी माईकवर सांगायचे, "शत्रूच्या विमानांना आकाशात अस्मान दाखवणारे आपले वीर वैमानिक!" आणि सार्जंट दरवर्षी माईक हातात घेऊन पहिलं वाक्य हेच म्हणायचे, "लढाऊ विमानात मी एकदाबी बसलो न्हाय. त्यात एकच शीट असतंय." पोरं टाळ्या वाजवायची. हेडमास्तरांना तो विनय वाटायचा. पुढच्या वर्षी पुन्हा वैमानिक.

पण लढाई त्यांच्याकडून ऐकावी. आम्ही शाळेत शिकलो त्या लढाईत सेनापती होते, नकाशे होते. सार्जंटांच्या लढाईत पहाटेचं धुकं होतं, थंडीनं बधिर झालेली बोटं होती आणि कान होते. त्यांच्या स्क्वाड्रनचा सगळा युद्धाचा इतिहास ते विमानाच्या पोटाखालून सांगायचे. विमान उतरलं की मिनिटांचा हिशेब. एकजण तेल भरतोय, एकजण तोफेत गोळ्यांची माळ ओवतोय, एकजण चाकाखाली लाकडी ठोकळे सरकवतोय, आणि हे खाली उताणे झोपून पोटावरची झाकणं आवळतायत. परत उडालं की मग काम संपलं. तेव्हा खरी लढाई सुरू.

"म्हणजे?" मी विचारलं होतं.

"म्हंजे ऐकायचं. चार गेली. मग गप उभं ऱ्हायचं. लांबून आवाज आला की एक. दोन. तीन. कुनी बोलायचं न्हाय, मोजणी चुकंल म्हणून. चौथा आवाज आला की मंग सगळेच एकदम बोलायचे, एकमेकाला शिव्या द्यायचे, इनाकारन."

"आणि चौथा नाही आला तर?"

"एकदा न्हाय आला. त्या विमानाच्या मेकॅनिक पोरानं त्याची शिडी जागेवरनं हलवू दिली न्हाय. रिकाम्या जाग्यावर नुसती शिडी. दोन दिवस." मग लगेच त्यांनी माझ्या हातातली पळी ओढून घेतली. "ही कवाची बाहेर हाय?"

प्रत्येक मेकॅनिकचं एक विमान ठरलेलं असायचं. यांच्या वाट्याचं तुकडीत सगळ्यात शेवटी आलं होतं, म्हणून त्याला सगळे धाकटी म्हणायचे. बुटकी होती म्हणे, हात वर केला की पाठीला लागायची. धाकटीबद्दल बोलताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की अव्वा भांडी जोरात आपटायच्या. "लगीन ठरलं तवा मला फोटो दावला. मला वाटलं मुलाचा असंल. बघते तर ईमान! त्याच्या चाकापाशी हे, एवढुसे!"

मी तिसऱ्या वर्षाला होते. लढाईला पन्नास वर्षं व्हायला थोडाच अवकाश होता, आणि एक दिवस जाड पाकीट आलं. त्यांच्या स्क्वाड्रनचा युद्धातला इतिहास छापणार होते. जुन्या लोकांना जुन्या नोंदींची पानं पाठवली होती. वाचा, चूक असेल तर कळवा, आठवणी लिहा.

सार्जंट दोन पानं ताठ बसून वाचत गेले. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. ते उठले, अंगणात गेले, परत आले. पान माझ्यापुढं धरलं. "हे काय लिहिलंय? मला कळतंय. पन तू वाच."

मी वाचलं. त्या दिवशी चार विमानं उडाली, तीन मोहिमेवर गेली, एक तांत्रिक बिघाडामुळं परत फिरलं.

"खोटं हाय," ते म्हणाले. "ती धाकटी. तिच्यात काय बी बिघाड नव्हता."

त्या दुपारी मला पहिल्यांदा ती गोष्ट कळली. अव्वांनासुद्धा पहिल्यांदाच. पहाटे धाकटीच्या पोटाखालचं झाकण आवळून हे उठले तर चहाची किटली आलेली. साखर तळाशी बसलेली, आणि चमचा नाही. कारखान्यात हत्याराला जागा होती, चमच्याला नव्हती. यांच्या हातात स्क्रू आवळायचा लांब पेचकस होता. तो फडक्यानं पुसला, किटलीत घातला, चहा ढवळला. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. किटली पुढच्या विमानाकडं गेली. चारी विमानं उडाली. हे फळ्यापाशी आले तर पेचकसाची जागा रिकामी.

"विमान वर जाऊन उलटं होतंय. आत पेचकस सुटा असला तर कुठं बी जाऊन अडकंल. साहेब दांडी वढतेत आन् दांडी हलत न्हाय." ते धावत अधिकाऱ्याकडं गेले. अधिकाऱ्यानं विचारलं, नक्की आत राहिलाय? "म्हनलं, सांगता येत न्हाय साहेब. पन हितं न्हाय." रेडिओवरून धाकटीला परत बोलावलं. बाकीच्या तिघी पुढं गेल्या. धाकटी उतरली, तिची सगळी झाकणं उघडली, दहा माणसं आत टॉर्च मारतायत. तिघी सुखरूप परत आल्या, त्यांच्या मेकॅनिकांनी चहा मागितला, चहा वाटणाऱ्या लांगऱ्यानं किटली वाकडी केली, आणि खण्ण!

धाकटीचे वैमानिक साहेब शिडीच्या पायरीवर बसून पोट धरून हसले. मग त्यांनी आणि अधिकाऱ्यानं एकमेकांकडं बघितलं. पोरगं बावीस वर्षांचं, लढाई चालू, गार्डरूममध्ये टाकून काय उपयोग? साहेबांनी नोंदीत लिहिलं: तांत्रिक बिघाड.

"मला वाचवलं त्यांनी," सार्जंट म्हणाले. "तिला बुडवलं."

अव्वांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे मी चाळीस वरसं भिंतीवर चमचे टांगतेय, ते तुमच्या किटलीपायी?"

"व्हय."

"यप्पा!" मग अव्वा आपल्या चांगल्या मराठीवर आल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "हे बघा. पन्नास वरसं झाली. छापू द्या की बिघाड. ईमान काय वाचाय येनार हाय?"

"ती येनार न्हाय म्हणूनच," सार्जंट म्हणाले.

"आन् लोकं काय म्हनतील? शाळेत हार घालतेत तुमाला. ते काय चहा ढवळला म्हणून घालतेत? पुतणीच्या सासरी काय सांगू? गावभर हसतील, किटलीवाला सार्जंट म्हनतील."

तीन दिवस सार्जंट जेवायला नीट बसले नाहीत. झेंड्याला वीस दिवस उरले होते. सकाळी पाकीट उघडायचे, दुपारी बंद करायचे. मीही अव्वांच्या बाजूनं होते, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, एका ओळीसाठी माणसानं म्हातारपणी आपली इज्जत कशाला घालवावी. चौथ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. अंघोळ झालेली, कपाळाला भस्म, हातात कोरे कागद.

"लिही. विंग्रजीत."

आता माझी अडचण. कॉलेजात होते खरी, पण इंग्रजीत मला एकच पत्र पाठ होतं, रजेचा अर्ज. तेच सुरू केलं. विद ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट दॅट. पुढं आपोआप आलं की सदर विमान त्या दिवशी आजारी नव्हतं, त्याला ताप नव्हता, त्याची तब्येत उत्तम होती. सबब त्याच्या गैरहजेरीस मी जबाबदार आहे, काइंडली एक्स्क्यूज द एअरप्लेन. मी वाचून दाखवलं. सार्जंटांनी डोळे मिटून ऐकलं. "एक नंबर," म्हणाले. "असंच पायजे. साधं." खाली त्यांनी सही केली, नाव, हुद्दा आणि जुना सर्व्हिस नंबर लिहिला. मग खाली माझा मोबाईल नंबर घालायला लावला, कारण त्यांच्याकडं फोन नव्हता. पोस्टात ते स्वतः गेले. अव्वा दिवसभर कानडीत बोलत होत्या.

पंधरा दिवसांनी माझा फोन वाजला. "नमस्कार. पुण्याहून बोलतोय. इतिहास छापणाऱ्यांनी मला पाठवलेला तो ताप नसलेल्या विमानाचा अर्ज तुम्हीच लिहिलात का?" आवाज म्हातारा, पण कडक इस्त्रीचा. धाकटीचे वैमानिक! मी ओरडत अंगणात धावले. सार्जंट न्हाणीतून पंचा गुंडाळून बाहेर येत होते. नाव ऐकल्याबरोबर अंगावर पाणी निथळत असतानाच त्यांनी टाचा जुळवल्या आणि ताठ उभे राहिले. मी फोनचा आवाज मोठा केला.

"अरे बाबा, तुला वाचवायला लिहिलं ते मी!"

"व्हय साहेब. उपकार हायत."

"मग?"

"खोटं हाय, साहेब."

"हे बघ, तुझं खरं छापायचं म्हणजे माझं खोटंही छापावं लागणार."

सार्जंटांचा एक हात पंच्यावर, दुसरा मांडीला चिकटलेला. "ते तुमी बघा, साहेब. मी माझं सांगितलं. तिच्यात बिघाड नव्हता, हे तुमाला बी ठाऊक हाय. तुमीच उडवली तिला, दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी. लढाई संपस्तवर. एकदा तरी रुसली का?"

"नाही रे," साहेब म्हणाले. मग हसायला लागले, आणि ते हसू थांबेना. "ऐंशीला टेकलो मी. आता कोण गार्डरूममध्ये टाकतंय! लिहितो मी त्यांना."

झेंडा आला आणि गेला. हेडमास्तरांनी वैमानिक म्हणून हार घातला, सार्जंटांनी एकच शीट असतंय म्हणून सांगितलं, आणि त्या वर्षी पहिल्यांदा ते भाषण अर्धवट टाकून खाली बसले.

पुस्तक थंडीत आलं. त्यांनी ते उघडलं नाही. गल्लीत प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, संध्याकाळी पाचला ओट्यावर या. हेडमास्तरांना बोलावलं. काळीपिवळीच्या ड्रायव्हरला बोलावलं. माझे बापू गावाहून आले. पुतणीचा सासरा लातूरहून आला. अव्वा चौकटीत उभ्या राहिल्या, पदर तोंडावर घट्ट.

"वाच," सार्जंट म्हणाले. "आधी विंग्रजी, मंग आपलं."

मी पान शोधलं, उभी राहिले आणि वाचलं. मराठीत ते असं होतं: उड्डाणानंतर हत्यारांच्या मोजणीत एक पेचकस कमी आढळला. मेकॅनिकनं ते तात्काळ आणि स्वतःहून कळवलं. इथं त्यांचं संपूर्ण नाव होतं. खबरदारी म्हणून विमान परत बोलावण्यात आलं. विमान पूर्णपणे निर्दोष होतं. पेचकस नंतर चहाच्या किटलीत मिळाला. खाली बारीक अक्षरात वैमानिक साहेबांची टीप: आधीची नोंद चुकीची होती आणि ती मी केली होती.

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला, इतकी वर्षं घातलेले सगळे हार त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावेत. कुणी कुणाकडं बघेना. सार्जंट खुर्चीत ताठ, डोळे समोर, जणू धावपट्टीकडं.

शेवटी ड्रायव्हरला राहवेना. "सार्जंट, एक इचारू का? त्यो चहा?"

"कुठला?"

"पेचकसाचा. टाकून दिला?"

"टाकून कसा द्यायचा?" सार्जंट म्हणाले. "सगळ्यांनी पिला की. लढाई चालू व्हती."

सगळ्यात आधी फुटला तो लातूरचा सासरा. मग बापू, मग हेडमास्तर खुर्चीवरून घसरले, मग सगळा ओटा. चौकटीत अव्वा भिंतीला टेकून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी, आणि मधूनच "साकु, साकु, पुरे आता" म्हणत होत्या. हेडमास्तर श्वास घेत म्हणाले, "सार्जंट, पुढच्या झेंड्याला पोरांना हेच सांगायचं. हेच!"

सार्जंट हसले नाहीत. हसू ओसरेपर्यंत ते थांबले, घाई नव्हती. मग माझ्याकडं वळले.

"हसून झालं समद्यांचं. आता परत वाच. माझं नाव सोड, किटली सोड. तिचं तेवढं एक वाक्य."

मी वाचलं. विमान पूर्णपणे निर्दोष होतं. सगळ्यात मागं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना ऐकू गेलं नव्हतं. त्यांच्यासाठी सार्जंटांनी मला ते आणखी एकदा, जोरात वाचायला लावलं.